शोधनिबंध परत का येतो? पाठवण्याआधी या चुका टाळा

गेल्या चवथीच्या सुट्टीनंतर माझ्या एका विद्यार्थिनीने माटोळीतल्या (रानातल्या फळाफुलांनी सजवून गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीतल्या) वनस्पतींवरचा आपला पहिला शोधनिबंध एका परदेशी जर्नलला पाठवला. सोमवारी रात्री पाठवला आणि बुधवारी सकाळी नकार आला. कँटीनमध्ये मोबाइल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, चोवीस पानं यांनी दोन दिवसांत वाचली तरी कधी?"

वाचलीच नव्हती. संपादकाने शीर्षक पाहिलं, सारांशावर नजर टाकली आणि निबंध त्या विषयातल्या तज्ज्ञ परीक्षकांकडे न धाडता परत केला. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. तिचं काम कच्चं नव्हतं. गावोगाव फिरून, लोकांच्या घरी बसून तिने नोंदी केल्या होत्या. फक्त ते जर्नल औषधी वनस्पतींच्या रासायनिक घटकांचं होतं आणि तिच्या निबंधात रसायनाचा एक थेंब नव्हता. इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे आणि सहकाऱ्यांचे निबंध वाचून माझं मत झालंय की संशोधन कमी पडलं म्हणून जितके निबंध परत येतात, त्याहून जास्त येतात ते कुणासाठी लिहितोय हे न ठरवता लिहिल्यामुळे.

आधी लिहायचं, मग जर्नल शोधायचं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर मोजण्याचं एक सूत्र मांडलं आणि तो चार पानांचा निबंध गणिताच्या नव्हे, तर 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या आनुवंशशास्त्राच्या जर्नलला दिला. ज्यांना ते सूत्र लागणार होतं त्यांच्याच हातात ते पडलं, आणि 'कोसंबी फंक्शन' आजही वापरात आहे. याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमान गृहीतकावरचा आपला दावा छापला तो कृषी-संख्याशास्त्राच्या भारतीय जर्नलमध्ये. गणितातला सर्वांत अवघड प्रश्न आणि वाचणारे शेतीच्या आकडेवारीतले! दावा चुकीचा निघाला आणि त्यांच्या नावाला त्याची झळ बसली. संख्या-सिद्धान्तातल्या परीक्षकाच्या हाती तो आधी पडला असता तर चूक छापण्यापूर्वीच दिसली असती, असं मला नेहमी वाटतं.

जर्नल निवडायची माझी पद्धत साधी आहे. आपल्या संदर्भयादीत कोणती जर्नल्स पुन्हा पुन्हा येतात ते मोजायचं. ज्या जर्नलला पाठवतोय त्यातला एकही निबंध यादीत नसेल तर आपण बहुधा चुकीच्या दारात उभे आहोत. मग त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळायचे: निबंध किती लांब, तक्ते किती, चर्चा कशी. अंक मिळत नाहीत ही सबब आता सरकारी कॉलेजांना नाही. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. इतरांनी आपल्या ग्रंथपालाला विचारावं. आमच्याकडे ग्रंथपालाकडे माणूस फक्त नो-ड्यूज सर्टिफिकेटला जातो, हे काही बरं नाही.

सारांशात काहीच न सांगणं

त्या विद्यार्थिनीचा सारांश असा होता: "गोवा हे निसर्गसंपन्न राज्य आहे. येथे गणेशचतुर्थीला माटोळी बांधण्याची प्राचीन परंपरा आहे. प्रस्तुत निबंधात माटोळीतील वनस्पतींचा अभ्यास केला असून निष्कर्षांची चर्चा केली आहे."

मी तिला विचारलं, "यात तुला सापडलं काय?" ती जे बोलली ते अख्ख्या निबंधात बाराव्या पानावर होतं: पूर्वी रानातून आणायच्या कितीतरी वस्तू आता म्हापशाच्या बाजारातून विकत येतात, आणि त्या विकत आणणाऱ्या घरांतल्या तरुण मुलांना ती झाडं ओळखता येत नाहीत. म्हटलं, हेच पहिल्या दोन वाक्यांत आण. किती गावं, किती घरं, किती वनस्पती, त्यांतल्या किती रानातल्या आणि किती बाजारातल्या, हे आकड्यांत लिही. निसर्गसंपन्न राज्य पर्यटन खात्याला ठेव.

दुसरी गोष्ट गोव्याबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे. घागऱ्या, कांगलां, आंबाडे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माटोळी उभी राहते. पोलंडमधल्या परीक्षकापुढे काहीच उभं राहत नाही. स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव हवं, आणि वनस्पतिसंग्रहालयात जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक हवा. नमुनाच ठेवला नाही तर ते झाड तेच होतं याला पुरावा काय? हे काम रानात असतानाच करायचं असतं. नकार आल्यावर मे महिन्यात चवथीची फुलं शोधून मिळत नाहीत. तीच गत सासष्टी, बारदेश या तालुक्यांच्या नावांची: एक नकाशा, अक्षांश-रेखांश, बाजूला मापपट्टी द्या. खाजनावर लिहिणाऱ्याने, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही सखल जमीन असते आणि भरती-ओहोटीचं पाणी 'मानस' नावाच्या दारातून आत-बाहेर सोडतात, हे दोन ओळींत सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

"सन्माननीय संशोधक महोदय" अशा मेलला भुलणं

इथे मी स्वतः फसलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. नोकरीत नवी होते, बढतीच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा होता. मेल आला: आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत, ७२ तासांत स्वीकृती, शुल्क माफक. पाठवला. तिसऱ्या दिवशी स्वीकृती आली, परीक्षकांचा एक शब्द नाही. पैसे भरले, निबंध छापला गेला, तक्ता दोनच्या जागी तक्ता एक पुन्हा छापून. दोन वर्षांनी त्या जर्नलची वेबसाइटच उघडेना. आता ते काम दुसरीकडे देता येत नाही, कारण ते 'प्रकाशित' आहे, आणि दाखवायचं म्हटलं तर कुठे आहे?

यादी पाहून निर्धास्त व्हायचे दिवस गेले. जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाची प्रेडेटरी (पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणाऱ्या) जर्नलांची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद पडली. आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये सुरू केलेली मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली आणि पारख करायची जबाबदारी संस्थांवर आणि पर्यायाने आपल्यावर टाकली. तरी अजून मेल येतात, "यूजीसी केअर मान्यताप्राप्त" म्हणून. तेवढ्यावरूनच ओळखावं.

आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो नुसता ओळखक्रमांक आहे. गूगल स्कॉलरवर दिसणंही दर्जा नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असं काही त्याच्या आधी जोडलेलं दिसलं की थांबा. स्कोपस या संशोधन-सूचीची जर्नल-यादी फुकट पाहता येते, ती स्वतः पाहा. आणि सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली साइट. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नये. स्कोपसच्या किंवा आयएसएसएन पोर्टलच्या नोंदीतून जर्नलच्या साइटवर जावं. एका जुन्या अंकातल्या निबंधाचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) डीओआयच्या साइटवर टाकून तो उघडतो का पाहावं. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून विचारावं. आपलं नाव त्या मंडळात आहे हे काहींना ठाऊकच नसतं.

पाठवून बसलाच असाल तर? कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका, निबंध मागे घेत असल्याचा मेल लगेच करा आणि तो जपून ठेवा. 'मागे घेण्याचं शुल्क' मागतील. ते देऊ नका. मात्र गप्प राहून तोच निबंध दुसरीकडे पाठवू नका, कारण दोन ठिकाणी एकाच वेळी दिलेला निबंध सापडला की नाव आपलं खराब होतं.

घाई हेच या धंद्याचं भांडवल. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. तो लेखी पाहा, कँटीनमध्ये ऐकलेला नको.

साम्याच्या टक्क्याला घाबरणं, किंवा त्याला फसवणं

आपला मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी किती जुळतो ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भयादी, अवतरणं, सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य जुळणं मोजणीतून वगळलेलं आहे. त्यामुळे ३० टक्के दिसले की आधी अहवाल उघडून काय जुळतंय ते पाहायचं. पुष्कळदा जुळतो तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढलेला आपलाच प्रबंध. तो संदर्भ म्हणून द्या आणि संपादकाच्या पत्रात सरळ सांगा. शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरला मजकूर दिला तर टक्का उतरतो, अर्थही उतरतो. एआयने लिहून घेतलेल्या संदर्भांचं तर विचारूच नका: लेखक खरा, जर्नल खरं, निबंध अस्तित्वात नाही. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नये.

नावांचा घोळ

निबंधावर लेखक म्हणून कुणाचं नाव घालायचं हे काम सुरू होतानाच बोलून घ्या. खुर्ची मोठी म्हणून नाव, हे बसत नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांत कामातला खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि जबाबदारी हे चारही लागतात. सरांना नाही म्हणणं कठीण, हे मलाही कळतं. निकषांचा कागद पुढे ठेवला तर थोडं सोपं जातं.

गोव्यात आणखी एक भानगड आहे. नाईक हे एकच आडनाव बापाच्या पोर्तुगीज कागदांत क्यू-यू-ई लावून असतं आणि मुलाच्या आधार कार्डावर के लावून. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे निबंध दोन वेगळ्या बायकांच्या नावावर दिसतात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक फुकट मिळतो, तो पहिल्याच निबंधाआधी घ्या. आणि लेक्चर बेसिसवर असाल तर पत्रव्यवहाराला कॉलेजचा ईमेल एकटाच देऊ नका. मार्चमध्ये करार संपतो आणि परीक्षकांचं उत्तर जूनमध्ये येतं.

परीक्षकांशी भांडणं

'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा असं उत्तर, आलं म्हणजे दार उघडं आहे. तरी लोक ते बघून महिनाभर तोंड फिरवतात. परीक्षकाने लिहिलं, "नमुना कसा निवडला ते स्पष्ट नाही." एकाने उत्तर दिलं, "हे निबंधात स्पष्टच आहे." असेलही, पण त्याला दिसलं नाही. उत्तर असं हवं: "आभार. घरांची निवड कशी केली ते आता पान ५, ओळ ११२ ते ११८ मध्ये दिलं आहे," आणि खाली ती नवी वाक्यं. पटत नसेल तिथे कारण आणि संदर्भ देऊन नाही म्हणायला हरकत नाही. एकही मुद्दा वगळू नका.

सहा महिने नुसतंच 'अंडर रिव्ह्यू' दिसत असेल तर विचारावं. निबंध क्रमांक घालून तीन ओळींचा नम्र मेल पुरतो.

माटोळीचा निबंध दुसऱ्या जर्नलकडून अकरा शेरे घेऊन परत आला. त्यांतले आठ एका दुपारी संपले. नववा होता: "ही चौकट कशाची असते आणि दरवर्षी नवी करतात का?" तिने चोवीस पानांत हे कुठेच लिहिलं नव्हतं, कारण ती चौकट जन्मापासून डोक्यावर बघत आली होती. तिने तिथूनच सत्तरी तालुक्यातल्या आजीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि वही पुढे ओढली.