माळ्यावर सापडलेला मुंबई बेटाचा जुना नकाशा : तो उघडावा कसा, वाचावा कसा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घराचं धाबं उतरवलं, तेव्हा माळ्यावरून पत्र्याचं एक नळकांडं निघालं. आत कापडावर चिकटवलेला नकाशा होता. वर रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं बेट आणि दक्षिणेला खेकड्याच्या नांगीसारखी दोन टोकं. मी तो तिथेच उलगडायला निघालो तर मोठे बाबा ओरडले, "अरे, असा वढू नको त्याले! अडतीचा कागद हाये तो." आमच्या पणजोबांची कापसाची अडत होती आणि गाठी मुंबईला जायच्या. कारंजा, खामगाव, अकोट, हिंगणघाट, आर्वी या भागांतल्या जुन्या अडतीच्या घरांत असे कागद निघू शकतात. म्हणून मी जे शिकलो ते सविस्तर लिहितो.

आधी घाई आवरा. आपल्याकडे मे महिन्यात गुंडाळलेला जुना कागद पापडासारखा होतो, ओढला की तडकतो. शक्य असेल तर पाऊस लागेपर्यंत थांबा. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत नळकांड्यातून काढलेली गुंडाळी दोन दिवस सावलीत ठेवली की कागद आपोआप नरम पडतो. मग स्वच्छ, कोरड्या हातांनी वीतभर उलगडायचं, त्यावर पांढरं सुती कापड आणि कापडावर सपाट फळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुढची वीत. पाणी शिंपडू नका, इस्त्री फिरवू नका. सपाट झाल्यावर कागद ओलसर राहू देऊ नका, बुरशी धरते. धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झटका. फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि लॅमिनेशन केलेला नकाशा पुन्हा मोकळा करता येत नाही.

लगेच फोटो काढून घ्या. आभाळ भरलेल्या दिवशी ओसरीवर, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल कागदाला समांतर धरून, तुकड्यातुकड्याने. पुढचं सगळं वाचन फोटो मोठा करून करता येतं, मूळ नकाशाला वारंवार हात लागत नाही.

आता कागद आणि छपाई पाहा. चित्राभोवती चौकोनी दाबल्याची खूण बोटाला लागली, तर बहुधा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला नकाशा. अशी खूण नसेल आणि शाई सपाट असेल, तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेला, असण्याची शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद सहसा चिंध्यांचा, म्हणजे सुती-लिनन कापडाचाच असे. तो लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा पुष्कळ टिकतो.

खरं काम साल ओळखण्याचं. आमच्या नकाशाचा साल असलेला कोपरा उंदराने नेला होता, तरी ते कळलं. युक्ती सोपी आहे. नकाशात काय आहे ते एका कागदावर लिहा, काय नाही ते दुसऱ्यावर. जे आहे त्यावरून "याच्या आधीचा नाही" हे कळतं आणि जे नाही त्यावरून "याच्या नंतरचा नसावा" हे.

मुंबईच्या बाबतीत ही युक्ती फार छान चालते, कारण हे बेट माणसाने जोडून जोडून केलेलं आहे. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या 1661 च्या करारात ते इंग्लंडच्या राजाकडे गेलं आणि 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. तेव्हा ती सात बेटं होती, मध्ये भरतीचं पाणी. महालक्ष्मी-वरळीमधली खिंड हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बुजवली ती 1784 च्या सुमारास. मग शीवचा बांध 1803, कुलाब्याचा 1838, माहीमचा 1845. रेल्वे 1853. किल्ल्याच्या भिंती 1860 च्या दशकात पाडल्या. मग डॉक, म्हणजे गोद्या : ससून डॉक 1875, प्रिन्सेस डॉक 1880, व्हिक्टोरिया डॉक 1888.

आमच्या नकाशात प्रिन्सेस डॉक स्पष्ट आहे, व्हिक्टोरिया डॉक नाही. म्हणजे 1880 ते 1888. एक सावधगिरी मात्र ठेवा. जुन्या नकाशांत नुसती योजलेली कामंही काढलेली असतात, बहुतेकदा तुटक रेषेने. शिवाय जुनाच ठसा नवं नाव घालून पुन्हा छापला जाई. म्हणून एकाच खुणेवर साल ठरवू नका, तीन-चार खुणा जुळवा.

पश्चिम किनाऱ्यावर जरा रेंगाळा, आपल्या वऱ्हाडाचा संबंध तिथे आहे. समुद्राला घासून कुलाब्यापर्यंत गेलेली रेल्वेची रेघ दिसते का? अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत आलेला तो पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. युद्ध संपलं, भाव कोसळले, 1865 मध्ये कंपन्या बुडाल्या. बॅकबेची, म्हणजे बेटाच्या पश्चिमेकडच्या उपसागराची, जेवढी चिंचोळी पट्टी भरून झाली होती, तिच्यावरून ही गाडी धावली. 1930 नंतर ती चर्चगेटलाच थांबू लागली. ती रेघ पाहिली की मला आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची, आठवण येते, आणि मन भरून येतं.

त्याच रेघेच्या टोकाशी, कुलाब्यात, कॉटन ग्रीन शोधा. कापसाचा बाजार 1844 पासून तिथे भरायचा, शिवडीला तो 1920 च्या दशकात गेला. नकाशात कॉटन ग्रीन कुठे आहे, एवढ्यावरूनही मोठा काळ निश्चित होतो. आमच्या नकाशात तिथे निळ्या पेन्सिलीची फुली आहे, इतकी दाबून काढलेली की कापडाच्या बाजूनेही बोटाला लागते. रेल्वे नागपूरपर्यंत 1867 मध्ये आली, त्यानंतर गाठ तिथवर पोचवणं सोपं झालं होतं.

शेवटी नकाशा उलटा करून पाहायला विसरू नका. मागे मोडीत काही असेल तर फोटो मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपूरलाही आहे. मिळालेली सगळी माहिती वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा, नकाशावर काही लिहू नका. जाड, रुंद नळीवर सैल गुंडाळून, सुती कापडात बांधून, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. वाळवी आणि कसर बहुधा जमिनीकडून नाहीतर भिंतीकडून येतात. दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.

आमच्या नकाशामागे मोडीत एकच ओळ निघाली : आमच्या गावाचं नाव, आणि पुढे "गाठी 22".