शेजारी देशांतल्या मृत्यूच्या कारणांची तुलना करताना या चुका टाळा

जपान आणि दक्षिण कोरियाचे आलेख शेजारीशेजारी ठेवले, तर 1995 च्या आसपास जपानमधले हृदयविकाराचे मृत्यू अचानक कोसळलेले दिसतात. त्याच सुमारास पक्षाघात वर उसळी घेऊन कर्करोगाखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर येतो. एका वर्षात अख्ख्या देशाची हृदयं सुधारत नाहीत. झालं होतं एवढंच, की मृत्यूच्या दाखल्याचा नमुना बदलला. शेवटच्या अवस्थेतलं 'हार्ट फेल्युअर' हे कारण म्हणून लिहू नका, अशी सूचना डॉक्टरांना मिळाली आणि आयसीडी-10 ही आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारीही तेव्हाच लागू झाली. मग मूळ आजाराचं नाव दाखल्यावर येऊ लागलं.

अशी शंका आली की एकूण मृत्युदराची रेषा आधी बघा. ती नेहमीच्या चालीने जात असेल आणि एक कारण पडताना दुसरं तेवढंच चढलं असेल, तर बदल बहुधा कागदावरचा. त्या वर्षावर उभी रेघ मारा आणि अलीकडचा-पलीकडचा कल वेगवेगळा वाचा.

'पहिल्या क्रमांकाचं कारण' या शब्दांवर तर फारच लोक फसतात. इंग्लंड आणि वेल्सच्या 2015 च्या क्रमवारीत स्मृतिभ्रंश पहिला आला, कारण तिथे फुप्फुसाचा, आतड्याचा असे कर्करोग सुटे मोजतात. खाडीपलीकडे फ्रान्समध्ये सगळे कर्करोग एकत्र धरले की तेच पहिले. दोन्ही यादीत गट सारखे करून घेतल्याशिवाय क्रमांक लिहूच नयेत, असं माझं मत.

वयाचं गणित बहुतेकांना माहीत असतं, तरी कच्चे, म्हणजे लोकसंख्येतलं वृद्धांचं प्रमाण न बघता काढलेले, दर वापरले जातातच. जपानमध्ये चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक 65 च्या पुढचे. 2018 मध्ये तर चक्क 'वार्धक्य' हे तिसरं कारण ठरलं. वय-प्रमाणित दर घ्या, म्हणजे दोन्ही देशांत वयोगटांचं प्रमाण सारखंच आहे असं धरून काढलेले; पण ज्या ठरावीक वयरचनेवर ते काढतात, ती प्रमाण लोकसंख्याही एकच हवी. युरोपची 2013 ची प्रमाण लोकसंख्या वृद्धांना 1976 च्या मानाने जास्त वजन देते, म्हणून तेच मृत्यू धरूनही दर फुगलेला दिसतो.

जिथे नोंदणी अपुरी, तिथले आकडे मॉडेलने काढलेले अंदाज असतात. अशा अंदाजांची नवी आवृत्ती मागची सगळी वर्षंही नव्याने मोजते. त्यामुळे जुन्या आवृत्तीतलं 2010 आणि नव्यातलं 2019 एकाच रेषेत जोडू नका; दोन्ही वर्षं नव्या आवृत्तीतूनच घ्या.