सीएसएसमध्ये (वेबपेज सजवायच्या भाषेत) कशाला काय म्हणतात, एकदा नीट बघून घ्या

मागच्या उन्हाळ्यात काकांच्या टेरी टॉवेलच्या दुकानाचं पेज करत होतो. बाहेर सोलापूरचं ऊन, आत हेडिंगचा कलर काही केल्या लाल होईना. मित्राला फोन लावला, तो म्हणतो "डिक्लेरेशन बघ की," आणि मी विचारतोय "म्हणजे कंसाच्या वरचं का आतलं बे?" अर्धा तास ह्यातच गेला.

तर आधी एक फाईल उघडा आणि हे टाका, मी इथं उच्चार लिहितोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरंच लागतात:

एचवन {
कलर: रेड;
फॉन्ट-साईझ: ३२पीएक्स;
}

हा अख्खा तुकडा म्हणजे एक रूल. कंसाच्या आधीचं एचवन (पेजचं मोठं हेडिंग) हा सिलेक्टर, म्हणजे कुणाला सजवायचं ते. महिरपी कंस आणि आतलं सगळं मिळून डिक्लेरेशन ब्लॉक, त्यातली एकेक जोडी म्हणजे डिक्लेरेशन. कोलनच्या डावीकडे प्रॉपर्टी, उजवीकडे व्हॅल्यू. दुकानात गिऱ्हाईक "डबलबेडची चादर, रंग मरून" म्हणतं ना, तसंच: चादर सिलेक्टर, रंग प्रॉपर्टी, मरून व्हॅल्यू. १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून ही मुख्य नावं तीच आहेत.

आता माझी चूक. रेडच्या पुढचा सेमीकोलन राहिला होता, त्यामुळं ब्राउझरनं कलरपासून पुढच्या सेमीकोलनपर्यंत सगळं एकच डिक्लेरेशन धरलं, व्हॅल्यू चुकीची ठरवली आणि दोन्ही ओळी गुपचूप सोडून दिल्या, कलर पण गेला अन् साईझ पण. एरर वगैरे काही येत नाही, हीच खरी डोकेदुखी.

पुढं सिलेक्टरचे प्रकार. टिंब लावलं की क्लास (अनेकांना देता येणारं नाव), हॅश लावलं की आयडी (एकाच गोष्टीचं नाव). क्लासचं नाव मराठीत पण चालतं, .चादर लिहिलं तरी ब्राउझर ओळखतो, फक्त फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह करा आणि एचटीएमएलमध्येही (पेजचा मजकूर असतो तिथं) तेच नाव द्या. सिलेक्टरला चिकटून कोलन आणि हॉवर आलं तर ते स्यूडो-क्लास, माऊस वर नेल्यावर लागू होतं. ॲट चिन्हानं सुरू होणारा तो ॲट-रूल, मोबाईलसाठी वेगळी साईझ द्यायला ॲट-मीडिया लागतो. आणि कॉमेंट स्लॅश-स्टारमध्येच लिहा, जावास्क्रिप्टसारखे दोन स्लॅश इथं चालत नाहीत.

अडलंच तर क्रोममध्ये एफ१२ दाबा, एलिमेंट्समध्ये तुमचं हेडिंग निवडा, ब्राउझरला न पटलेल्या डिक्लेरेशनवर काट मारलेली आणि शेजारी पिवळा त्रिकोण दिसेल.