चाळिशीनंतर सारखं दमायला होतंय? मग व्यायाम करा, पण अर्धाच

बूट आणायच्या आधी रक्त तपासून घ्या बरं का. हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच, शुगर, बी१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढं तरी. कारण आपल्याकडं "वयच झालं आता" म्हणून जे खपवतात त्यातलं निम्मं कधी कधी रक्त कमी असण्यातनंच येतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका त्यात निघाल्या होत्या, म्हणजे आपल्या गल्लीत घरटी एक धरायला हरकत नाही. त्यात पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात की पाळी कधी दोन महिने येतच नाही आणि आली की इतकी जाते की सगळं लोह घेऊनच जाते, वर रात्री अंगातनं वाफा निघून झोप मोडते ते वेगळंच. असं असताना कुणी सांगितलं म्हणून एकदम तासभर झुंबा सुरू केला तर दुसऱ्या दिवशी बाई उठणार कशी?

आता आपल्याकडचा ठरलेला प्रश्न, "दिवसभर राबते की मी, वेगळा व्यायाम कशाला?" काम होतं हो, पण सगळं एकाच बाजूनं. विड्या वळणाऱ्या बायका बघा, मांडीवर सूप, मान खाली, हात पुढं, पाय तासन् तास दुमडलेले, बोटं मशीनसारखी चालतात पण मांड्या आणि पाठ दिवसभर जागची हलत नाही. शिलाई मशीनवरचं पण तेच आणि पोळपाटावरचं पण तेच. चाळिशीनंतर स्नायू तसेही कमी व्हायला लागतात, मग पूर्वीचीच घागर, पूर्वीचाच जिना, पण जड वाटायला लागतो. म्हणून आपल्याला घाम काढायचा नाहीये, मांड्या, पाठ आणि दंड यांच्यात जरा ताकद भरायचीय.

त्यासाठी नियम एकच, आणि तोच बायकांना पटत नाही. जितकं जमेल असं वाटतं त्याच्या निम्मं करायचं. दहा जमतील वाटलं तर पाचवर थांबा. अजून होतंय म्हणून ओढू नका. व्यायाम बरोबर झाला का ते त्या वेळी कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, रोजच्यासारखं उठवलं तर बरोबर, आणि अंग जास्तच गळून गेलं तर कालचं जास्त झालं, आज त्याच्यातनं आणखी कमी करा. बंद नका करू, कमी करा.

सुरुवात खुर्चीपासनं. घरातली प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागं सरकणार नाही, आणि फरशी ओली नाही ना बघा. पुढच्या कडेला बसा, पावलं खुर्चीच्या जरा आत घ्या, पुढं वाका आणि टाचांवर जोर देत श्वास सोडत उठा, मग हळूऽऽ बसा. धपकन् बसायचं नाही, खरी ताकद त्या सावकाश बसण्यातच येते. गुडघा कुरकुर करत असेल तर खुर्चीवर सोलापुरी चादरीची जाड घडी टाका, बैठक उंच झाली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो, आणि पुढं जमायला लागलं की घडी पातळ करत जायची. घडी घसरत नाही ना तेवढं बघा. पाच वेळा करा, दोन मिनिटं टेका, वाटलं तर परत पाच.

दुसरं भिंतीवरचं. हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला, कोपरं वाकवत छाती भिंतीकडं न्या आणि परत या. तिसरं चहा उकळेपर्यंत, ओटा धरून टाचा वर-खाली. रात्री कॉटवर पडल्यावर गुडघे दुमडून कंबर उचला, तीन आकडे मोजा, खाली. मान-खांदे आखडतात त्यांनी दोन्ही खांदे मागं ओढून पाठीची पाती जवळ आणायची, हे विड्या वळताना किंवा मशीनवर बसल्या बसल्या पण होतं. आणि शिंकताना लघवी होते ना, लाजून सांगत नाही कुणी, त्याला लघवी अडवताना जो भाग आवळतो तो आवळून पाच आकडे धरायचा आणि पूर्ण सैल सोडायचा, पण हे लघवीला बसल्यावर करायचं नाही, एरवी.

चालणं म्हणाल तर सोलापूरच्या उन्हाशी वाद घालू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी परत. संभाजी तलाव, सिद्धेश्वर तलावाची बाजू, पार्क मैदान, जे जवळ पडेल ते. संध्याकाळी गच्चीवर फिरायला सांगतात पण स्लॅब दिवसभर तापून तिन्हीसांजेला पण आग ओकत असतो, त्यापेक्षा हॉलमध्ये फॅनखाली फेऱ्या मारा. सुरुवातीला दहा मिनिटं बास. बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी. रिकाम्या पोटी नको, एखादं केळं नाहीतर मूठभर भिजवलेले शेंगदाणे खा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळ आणि खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि भाकरीबरोबर चहा घ्यायची सवय असेल तर मध्ये तासभर जाऊ द्या, चहामुळं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, त्याऐवजी ताटात लिंबू पिळा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे सांगते. घाबरू नका, तिथं पोचायला काही महिने गेले तरी चालतंय. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, एकतर मिनिटं नाहीतर वेळा, दोन्ही एकदम नाही. पाळी जास्त जात असेल ते दिवस, निर्जळी उपवास, रात्रभर झोप नाही, तेव्हा नुसते खांदे-मान हलवा आणि पडा, त्याला आळस म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका.

छातीत दाब, चक्कर, जबडा-हातात कळ, थोडं चालून पण धाप, यातलं काही झालं तर तिथंच थांबा आणि वाट न बघता लगेच दवाखाना. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं तरी दाखवायचंच. आणि निम्म्याचं निम्मं करून पण आठवडेच्या आठवडे दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नसेल तर डॉक्टरांना नुसतं "अशक्तपणा वाटतोय" सांगू नका, त्यावर टॉनिकची बाटली मिळते. "दहा मिनिटं चालले की दुसऱ्या दिवशी उठवत नाही, इतक्या दिवसांपासनं असंच चाललंय" असं नीट सांगा, आणि तपासणीचे जुने कागद बरोबर न्या.