बार्बेरियन लवकर का मरतो? डी अँड डी खेळताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या भूमिका-खेळाच्या टेबलवर नवा खेळाडू आला की त्याला बहुतेक वेळा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, दिला जातो. स्पेल (मंत्र) लक्षात ठेवायचे नाहीत, पुढे जायचं आणि हाणायचं. हिट डायही (एचपी, म्हणजे जीव किती ते ठरवणारा फासा) सगळ्या क्लासमध्ये (पात्रांच्या प्रकारांत) मोठा, डी१२, म्हणजे बारा बाजूंचा. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा आकडा) १६ असेल आणि दर लेव्हलला सरासरी घेतली, तर पाचव्या लेव्हलला ५५ एचपी होतात. एवढे एचपी बघून हा गडी मरणारच नाही असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून बसल्यावर मला पार्टीतला (खेळाडूंच्या पात्रांच्या गटातला) सगळ्यात आधी आडवा झालेला माणूस बऱ्याचदा हाच दिसतो, आणि तोही अगदी टाळता येण्यासारख्या कारणांनी.

बार्बेरियनला जिवंत ठेवतो तो रेज, म्हणजे मोजक्या वेळाच आणता येणारा लढाईचा आवेश. रेज चालू असताना कापणारं, भोसकणारं आणि ठेचणारं डॅमेज अर्धं होतं. ओगर या धिप्पाड राक्षसाचं उदाहरण घ्या. त्याचा सोटा लागला की सरासरी १३ डॅमेज. रेज नसेल तर ५५ एचपीचा बार्बेरियन पाचव्या फटक्याला खाली. रेजमध्ये तोच फटका ६ वर येतो (अपूर्णांक सोडून द्यायचा), आणि पडायला दहावा फटका लागतो. तोच माणूस, तीच कुऱ्हाड, आयुष्य दुप्पट. त्यामुळे आपल्या बार्बेरियनच्या शीटकडे (पात्राच्या नोंदींच्या कागदाकडे) बघताना पहिला प्रश्न ‘एचपी किती’ हा नको. रेज चालू आहे का, तो कशाने बंद पडेल आणि समोरचा कोणता मार रेजला जुमानत नाही, हे आधी विचारा.

खालचे नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले आहेत. २०२४ च्या पुस्तकात महत्त्वाचा फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

रेज राखून ठेवणं

पहिल्या लेव्हलला लाँग रेस्टमागे (मोठ्या विश्रांतीमागे) दोनच रेज मिळतात, तिसऱ्या लेव्हलला तीन, सहाव्याला चार. म्हणून खेळाडू ते जपतात: ‘शेवटी मोठा राक्षस येईल, तेव्हा काढू.’ मग दोन राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) पूर्ण डॅमेज अंगावर घेतात आणि अर्धे एचपी गेल्यावर रेज करतात. गेलेले एचपी काही अर्धे परत मिळत नाहीत. लढाई खरी आहे असं दिसलं की आपल्या पहिल्याच टर्नला (पाळीला) रेज करा. त्याला बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) लागते, म्हणजे त्याच टर्नला हल्लाही करता येतो. वाचवायचाच असेल तर दोन उंदीर किंवा एकटा पहारेकरी असल्या किरकोळ चकमकीत वाचवा. २०२४ च्या नियमांत शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) एक रेज परत मिळतो, तिथे तर साठवण्यात काहीच फायदा नाही.

रेज नकळत विझू देणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही. २०१४ च्या नियमांनुसार तुमचा टर्न संपताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: मागच्या टर्नपासून तुम्ही एखाद्या शत्रूवर हल्ला केलात का, किंवा तुम्हाला डॅमेज झालं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर रेज तिथल्या तिथे संपतो.

हे घडतं कसं? धनुर्धारी गॉब्लिन (छोटे राक्षस) उंच कड्यावर चढतात. बार्बेरियन पूर्ण टर्न डॅश करून (हल्ल्याऐवजी नुसतं पळून) त्यांच्या मागे धावतो. त्या राउंडला सगळ्यांचे बाण चुकतात. खेळाडू खूश होतो, आणि टर्न संपताना रेज गेलेला असतो. वर पोचल्यावर सहा जणांच्या मधोमध तो रेजशिवाय उभा. दरवाजा फोडण्यात टर्न घालवला, पडलेल्या साथीदाराला ओढून बाजूला नेलं, डॉज घेतला (नुसता बचाव केला), अशा कितीतरी वेळी हेच होतं.

उपाय स्वस्त आहे. पाठीवर चार-पाच जॅव्हलिन (फेकायचे भाले) कायम ठेवा. जॅव्हलिन ३० फुटांपर्यंत नीट जातो आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज घेऊन (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा; अ‍ॅडव्हान्टेजमध्ये जास्त आकडा) १२० फुटांपर्यंत फेकता येतो. नेम चुकला तरी चालतं; हल्ला केला एवढंच रेजला पुरतं. फेकलेल्या जॅव्हलिनला रेजचं जादा डॅमेज मिळत नाही, पण इथे तो डॅमेजसाठी फेकायचाच नाहीये. २०२४ मध्ये हल्ला जमला नाही तर बोनस अ‍ॅक्शन खर्चून रेज पुढे नेता येतो. फक्त पोशनही (एचपी भरून देणारं औषधही) तिथे बोनस अ‍ॅक्शननेच प्यायचं असतं, आणि एका टर्नला बोनस अ‍ॅक्शन एकच.

जुन्या ३.५ आवृत्तीत खेळणारे अजूनही आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. तिथे रेजने कॉन्स्टिट्यूशन ४ ने वाढतं आणि दर लेव्हलमागे २ एचपी जादा मिळतात. रेज संपला की ते एचपी जातात. दहाव्या लेव्हलच्या बार्बेरियनकडे ८ एचपी उरले असताना रेज संपला तर तो थेट उणे १२ वर जातो, आणि उणे १० ला मृत्यू. लढाई जिंकल्यावर, शत्रू सगळे पडलेले असताना हिरो मरतो. त्या आवृत्तीत रेज संपायच्या आत क्लेरिकने (उपचार करणाऱ्या पुरोहिताने) हात लावून उपचार केलेच पाहिजेत.

प्रत्येक टर्नला रेकलेस अटॅक

दुसऱ्या लेव्हलला रेकलेस (बेफाम हल्ला) मिळाला की बरेच खेळाडू न विचारता तोच वापरतात. तुम्हाला हल्ल्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, हे बरोबर. पण पुढच्या टर्नपर्यंत तुमच्यावरच्या प्रत्येक हल्ल्यालाही अ‍ॅडव्हान्टेज मिळतो. समोरच्या एकट्यालाच नाही, मागच्या तिरंदाजालाही, आणि अटॅक रोल (वार लागतो का हे ठरवणारा फासा) लागणाऱ्या स्पेललाही.

हिशेब करून बघा. तुमचा एसी (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १५, गॉब्लिनचा हल्ला +४ (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचे). एरवी त्याचा वार ५० टक्के वेळा लागतो, रेकलेसनंतर ७५ टक्के. आठ गॉब्लिन असतील तर राउंडला सरासरी चार वारांऐवजी सहा. क्रिटिकलची (जादा डॅमेज करणाऱ्या वाराची) शक्यता ५ वरून जवळजवळ १० टक्क्यांवर जाते. आणि बदल्यात मिळतं काय? ७ एचपीचा एक गॉब्लिन जरा जास्त खात्रीने मरतो. हा सौदा वाईट आहे. एकच मोठा, जाड कवचाचा शत्रू असेल आणि तुमचे वार सारखे चुकत असतील, तिथे रेकलेस कामाचा.

काही प्रसंगी तो जवळपास फुकट पडतो, हे फार कमी जण बघतात. लांडग्यांना पॅक टॅक्टिक्स असते: त्यांचा साथीदार तुमच्या शेजारी असेल तर त्यांना तसाही अ‍ॅडव्हान्टेज आहे. अ‍ॅडव्हान्टेज दोनदा मोजत नाहीत, तेव्हा इथे बिनधास्त रेकलेस करा. उलट, शत्रू जमिनीवर पडलेला असेल आणि तुम्ही त्याच्या शेजारी असाल, तर तुम्हाला आधीच अ‍ॅडव्हान्टेज आहे. तिथे रेकलेसने काहीही मिळत नाही आणि अंग मात्र उघडं पडतं.

पाचव्या लेव्हलनंतर दोन हल्ले असतात. पहिला शत्रूला ढकलून पाडायला वापरा. रेजमध्ये स्ट्रेंग्थ चेकला (ताकदीच्या फाशाला) अ‍ॅडव्हान्टेज असतो, त्यामुळे हे बऱ्याचदा जमतं. मग दुसरा वार अ‍ॅडव्हान्टेजने, रेकलेस न करता.

ढाल नकोच म्हणणं

अनआर्मर्ड डिफेन्समध्ये (चिलखताशिवाय) एसी म्हणजे १० अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस अधिक कॉन्स्टिट्यूशनचा बोनस, आणि त्यावर ढाल चालते. ग्रेटअ‍ॅक्सचं सरासरी डॅमेज ६.५, एका हातातल्या लाँगस्वोर्डचं ४.५. दर वारामागे २ डॅमेज सोडून एसी २ ने वाढतो. पार्टीत डॅमेज करणारे पुरेसे असतील तर मी ढालच घ्यायला सांगेन. डेक्स्टेरिटी १४ च्या आसपास ठेवली आणि हाफ-प्लेट चिलखत परवडलं, तर एसी १७ होतो आणि वर ढाल. हाफ-प्लेटमुळे स्टेल्थला (लपून वावरायला) डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो, तेवढं सोसा. हेवी आर्मर मात्र नको. त्यात रेजचे फायदे मिळत नाहीत.

विस्डम आणि इंटेलिजन्स ८ वर सोडणं

बार्बेरियनला स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये (धोका टाळायच्या फाशात) प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) असते. हुशार डीएम विषावर वेळ घालवत नाही, होल्ड पर्सन हा स्पेल टाकतो. तो विस्डमचा सेव्ह. फसला की तुम्ही पॅरलाइज, आणि पाच फुटांतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल. २०२४ मध्ये तर त्याच क्षणी रेजही संपतो. भीती घालणारे शत्रूही तसेच: तुम्ही जवळ जाऊ शकत नाही, हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि पार्टीचा सगळ्यात जोरकस माणूस लांब उभा.

विस्डम निदान १२ ठेवा. चौथ्या किंवा आठव्या लेव्हलला ‘रेझिलियंट’ फीट (जादा कौशल्य) घेणार असाल तर विस्डमसाठी घ्या. कॉन्स्टिट्यूशनची प्रोफिशियन्सी तुमच्याकडे आहेच. बर्सर्कर या बार्बेरियनच्या उपप्रकाराला सहाव्या लेव्हलला मिळणारा माइंडलेस रेज इथे फार उपयोगी आहे: रेज असेपर्यंत चार्म आणि भीती चालत नाही.

इंटलेक्ट डिव्हावरर (बुद्धी खाणारा राक्षस) दिसला तर पुढे होऊ नका. इंटेलिजन्सचा सेव्ह चुकला की डीएम ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) टाकतो. बेरीज तुमच्या इंटेलिजन्सएवढी किंवा जास्त आली की तुमचा इंटेलिजन्स शून्य, आणि तुम्ही स्टन (गारद). इंटेलिजन्स ८ असेल तर ही शक्यता ८४ टक्क्यांच्या आसपास आहे. एचपी ५५ असोत की १५०, उपयोग नाही. त्याच्याशी विझार्डला लांबून लढू द्या.

आग, वीज आणि बाकीचं डॅमेज विसरणं

साधा रेज फायरबॉल या आगीच्या स्पेलचं डॅमेज अर्धं करत नाही. ८डी६ म्हणजे सरासरी २८, सेव्ह चुकला तर सगळे. दुसऱ्या लेव्हलचा डेंजर सेन्स डेक्स्टेरिटी सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज देतो, पण धोका दिसत असेल तरच. आंधळे किंवा बहिरे झालात तर नाही. २०१४ चा अस्वल टोटेम (बार्बेरियनच्या एका उपप्रकारातला पर्याय) रेजमध्ये सायकिक सोडून सगळं डॅमेज अर्धं करतो, म्हणून तो एवढा आवडता. २०२४ मध्ये त्यातून फोर्स, नेक्रॉटिक आणि रेडियंटही वगळले आहेत. जुन्या सवयीने भुतांवर धावून जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पडल्यावर उठवू, ही योजना

बाकीच्या क्लासना ही योजना चालते. शून्यावर गेले, क्लेरिकने हीलिंग वर्ड (उपचाराचा स्पेल) टाकला, ६ एचपी घेऊन उठले. बार्बेरियन बेशुद्ध झाला की मात्र रेज संपतो. उठल्यावर दुसरा रेज खर्चायचा, आणि दिवसाचे रेज संपले असतील तर ६ एचपीचे ६ च.

तेच ६ एचपी पडायच्या आधी, रेज चालू असताना मिळाले तर शस्त्रांच्या १२ डॅमेजला पुरतात. पार्टीतल्या कुणालाही दिलेल्या हीलिंगपेक्षा रेजमधल्या बार्बेरियनला दिलेलं हीलिंग दुप्पट वसूल होतं. हे क्लेरिकला खेळाच्या सुरुवातीलाच सांगा आणि एक तृतीयांश एचपी उरले की मोठ्याने आकडा सांगायची सवय लावा. हीलिंग वर्ड ६० फुटांपर्यंतच पोचतो. पाचव्या लेव्हलला तुमचा वेग ४० होतो, क्लेरिकचा बहुधा ३०. एकट्याने दोन खोल्या पुढे धावलात तर त्याचा हात पोचणार नाही. दारातच थांबून दार अडवलंत तर एका वेळी एक-दोनच शत्रू भिडतात आणि मागचे साथीदारही हाकेच्या अंतरावर राहतात.

अकराव्या लेव्हलला रिलेंटलेस रेज येतो. शून्यावर गेलात तर कॉन्स्टिट्यूशन सेव्ह: पहिला डीसी (गाठायचा आकडा) १०, मग १५, मग २०. सेव्ह +८ असेल तर शक्यता ९५, ७० आणि ४५ टक्के. २०१४ मध्ये तुम्ही १ एचपीवर उभे राहता, २०२४ मध्ये बार्बेरियन लेव्हलच्या दुप्पट एचपीवर. शॉर्ट रेस्ट घेतली की डीसी पुन्हा १०. मोठ्या लढाईत हा सेव्ह दोनदा वापरून झाला असेल तर पुढच्या दाराला हात लावण्याआधी तासभर थांबायचा हट्ट धरा. पार्टीला घाई असली तरी धरा, आणि त्या तासात डी१२ चे हिट डाइसही टाकून एचपी भरून घ्या.