आधी गळती, मग गादी: जुन्या शटल बसचा कॅम्पर करताना

कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल असं चाकांवरचं घर, करायला घेतलेली जुनी बस दारात आली तेव्हा भिंतीला खिळा ठोकण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. तो खिळाही वाकडाच जायचा. माझी नोकरी हिशेब तपासण्याची. त्यामुळे पहिल्याच दिवशी वही काढली, कपाटांची चित्रं काढली, गादीच्या कापडाचा रंगसुद्धा ठरवला. त्या वहीत गळती हा शब्द कुठेही नव्हता, आणि पुढचे चार महिने मी नेमकी तीच निस्तरत होते. म्हणून बेत करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पाण्याचंच सांगते.

तरी थोडं खरेदीबद्दल. माझी बस हॉटेल ते विमानतळ फेऱ्या मारणारी, 20 सीटची. अशा बसच्या किलोमीटरच्या आकड्याला भुलू नका. प्रवाशांची वाट बघत ती एसी लावून तासन्‌तास उभी असते. मीटर हलत नाही, पण इंजिन झिजत असतं. इंजिनच्या तासांचा आकडा दिसत असेल तर तो जास्त खरा. मग टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरा आणि चासीवर (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), चाकांच्या वरच्या पत्र्यावर, चढायच्या पायरीखाली टोचून बघा. वरवरचा गंज खरवडून खाली टणक लोखंड लागलं तर ठीक. चासीत टोक आत घुसलं तर घरी परत या, गाडी आतून कितीही चकचकीत असो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 3217 असेल तर टायर 2017 सालच्या 32व्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसली तरी जुना टायर आतून कडक झालेला असतो. आणि वाहनाचा प्रकार बदलायला नोंदणीवाले काय मागतात, विमा कोण देतो, हे पैसे देण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर तेच मिळतं, फक्त ते तुमच्या खर्चाने मिळतं.

सीट काढणं हे पहिलं खरं काम. एक माणूस आत आणि एक गाडीखाली लागतोच, कारण बोल्ट वरून फिरवला की खालचा नटही त्याच्याबरोबर फिरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जे सुटतील ते इम्पॅक्ट रेंचने (झटके देऊन नट सोडवणारं यंत्र), उरलेले ग्राइंडरने. ग्राइंडर चालवताना चष्मा, हातमोजे, जवळ पाण्याची बादली, आणि ठिणग्या उडतील तिथून रेग्झिन, फोम आधीच दूर. दोघांची एक सीट 25-30 किलो सहज भरते, कमरेला विचारून उचला. चालत्या गाडीत जितकी माणसं बसणार तितक्या पट्टेवाल्या सीट मूळ जागी ठेवा. स्वतः केलेल्या पलंगावर बसून प्रवास करायचा नाही.

छताची आणि भिंतीची आतली आवरणं काढली की वायरींची जत्रा दिसते. दरवाज्याच्या, दिव्यांच्या, घंटीच्या. कापण्याचा मोह होतो. चालू काय, बंद काय हे एकेक करून तपासा, चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, मगच कात्री. मी एक निरुपयोगी वाटलेली तार कापली आणि मागचे ब्रेकचे दिवे गेले. मागचा मोठा एसी काढायचा असेल तर त्यातला वायू मेकॅनिककडून रीतसर काढून घ्या, नळी कापून हवेत सोडू नका. प्रवाशांच्या घंटीची दोरी मात्र मी ठेवली आहे. मागे बसलेल्याला थांबायचं असेल तर अजून तीच ओढतात.

आता गळती. मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. जुनी फरशी उखडली, गंज घासला, नवं प्लायवूड बसवलं, वर सुंदर लाकडी नक्षीचं व्हिनाइल अंथरलं. पहिल्या पावसानंतर सकाळी अनवाणी आत गेले तर उजव्या चाकाजवळ पाऊल चुपकन वाजलं. मी वरच्या खिडकीला सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, फासलं. पुन्हा चुप. आणखी फासलं. शेवटी धाकटा भाऊ आला. म्हणाला, "ताई, पाणी पडतं तिथून येत नाही. ते आतल्या आत चालत येतं." तो पाइप घेऊन बाहेर उभा राहिला, मी टॉर्च घेऊन आत. खालून सुरुवात केली: आधी खिडकीची खालची पट्टी, पाच मिनिटं तिथेच पाणी, मग बाजू, मग वरची कड, मग छताचा सांधा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. चाळीस मिनिटांनी छताच्या पुढच्या टोकाच्या छोट्या पिवळ्या दिव्याच्या स्क्रूमागून एक थेंब आला. तो लोखंडी कमानीला धरून मागे सरकला, खिडकीच्या खांबावरून उतरला आणि दोन मीटर मागे माझ्या नव्या फरशीखाली गेला. एक स्क्रू. त्याच्यासाठी सगळी फरशी पुन्हा उखडली.

तेव्हा क्रम असा: रिकामी बस दोन-तीन मुसळधार पावसांत किंवा पाइपाखाली उभी करा आणि फरशी उघडी असतानाच बघा. छताची झडप, दिवे, खिडक्या, जुन्या अँटेनाची भोकं, सगळीकडचं जुनं सीलंट खरवडून काढा. चौकटीखाली ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट लावा. साधं सिलिकॉन नको. त्यावर रंग बसत नाही आणि पुढच्या वेळी दुसरं काही चिकटतही नाही. मग पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, गंज थोपवणारं रसायन, प्रायमर आणि रंग लावा. बोल्टची भोकं बुजवा. कोरडं दिसलं तरी आणखी एक पाऊस जाऊ द्या. फरशी त्यानंतर.

उष्णता अडवायला मी 25 मिलिमीटरचे फोमचे तक्ते वापरले. पण लोखंडी कमानी उघड्या राहिल्या तर थंड रात्री तुमच्याच श्वासाची वाफ त्यांच्यावर जमते आणि गळती नसतानाही घर ओलं होतं. कमानींवरूनही पातळ थर न्या आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा लावा.

आतली आखणी कागदावर करू नका. जमिनीवर चिकटपट्टी लावा, खोकी ठेवा आणि दोन रात्री तिथे झोपा. माझा ओटा वहीत अगदी चोख बसत होता. प्रत्यक्षात त्याच्यासमोर वाकलं की पाठ दाराला लागायची. शटल बस व्हॅनपेक्षा रुंद, त्यामुळे बहुतेकांना आडवा पलंग जमतो. तरी स्वतः आडवं होऊन बघा. मागचं आपत्कालीन दार पलंगाने अडवू नका, आतून उघडलं पाहिजे.

विजेत माझी हिशेबाची सवय कामी आली. आधी खर्च, मग बॅटरी. 12 व्होल्टचा फ्रिज 45 वॅट घेतो पण साधारण एक तृतीयांश वेळच चालतो, म्हणजे दिवसाला 360 वॅट-तास. 3 वॅटचे चार दिवे पाच तास, 60. पंखा 25 वॅटचा आठ तास, 200. फोन आणि लॅपटॉप 150 धरा. बेरीज 770. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बॅटरी 1280 वॅट-तासांची, त्यातले हजारभर बिनधास्त वापरता येतात. तेवढ्याच शिसे-आम्ल बॅटरीतले निम्मेच वापरावेत. 300 वॅटचे सौर पॅनल चार तासांच्या चांगल्या उन्हात, तूट वजा करून, 900 च्या आसपास देतात. म्हणजे जमाखर्च जुळला. पण पाणी उकळायची 1500 वॅटची किटली इन्व्हर्टरवर लावाल तर 12 व्होल्टच्या बाजूने 125 अँपिअरच्या वर प्रवाह खेचला जातो. बारीक तार तिथे जळते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या तारेला कुणीच वाली नसतो. जोडणी मी केली, पण वीज सुरू करण्याआधी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली. त्याने तीन चुका काढल्या.

गॅस ठेवणार असाल तर तो हवेपेक्षा जड असतो हे लक्षात ठेवा. सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद हवा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा उशाशी, अग्निशामक दारापाशी.

लाकूडकामात गुण्या आणि पाणसळ विसरा. बसची भिंत गोल आणि बस स्वतःच तिरकी उभी. पुठ्ठ्याचे साचे कापा, घासा, पुन्हा कापा. पार्टिकल बोर्ड धक्क्यांनी भुगा होतो, प्लायवूडच घ्या. वजन धरणाऱ्या जागी स्क्रूवर विसंबू नका, लॉकनट (सहज सैल न होणारे नट) घातलेले बोल्ट लावा. पाण्याची टाकी खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे. 100 लिटर म्हणजे 100 किलो, ते मागच्या टोकाला टांगलं तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

बस रिकामी असताना एकदा आणि टाकी भरून, सामान-माणसं चढवून एकदा वजनकाट्यावर न्या. मधे वजन वाढतं ते डोळ्यांना दिसत नाही. गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आत असाल तर पहिली फेरी जवळचीच मारा, खडबडीत रस्त्याची. आवाज ऐकत चला. परत आल्यावर पाना घ्या आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा. माझे अकरा सैल निघाले, आणि एक खण वाटेतच उघडून सगळे चमचे ड्रायव्हरच्या पायापाशी आले होते.