नकाशा काढण्याआधी तीन आकडे जुळवा

घराचा आराखडा पूर्ण तयार होतो आणि मग कळतं की कागदावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र वेगळं आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जात भूखंडाचं क्षेत्र मालकीच्या कागदावरचं, मोजणी नकाशावरचं आणि जागेवरचं असं तिन्ही ठिकाणचं लिहावं लागतं आणि त्यातलं सर्वांत कमी धरलं जातं. चटई क्षेत्र, म्हणजे एकूण किती बांधकाम करता येईल, ते त्यावरूनच ठरतं. म्हणून आर्किटेक्टला पैसे देण्याआधी हे करा.

१. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र लिहून घ्या.
२. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाची 'क' प्रत (अर्जदाराला मिळणारी प्रत) काढा, त्यावरचं क्षेत्र शेजारी लिहा.
३. जागेवर टेप लावून चारही बाजू मोजा. कोपरे काटकोनात नसतील तर एक कर्णही मोजा. त्याशिवाय क्षेत्रफळ नीट निघत नाही.

तिन्ही आकडे चौरस मीटरमध्येच आणा. इथे सर्रास चूक होते, कारण आपण आर आणि गुंठा एकच समजतो. १ आर म्हणजे १०० चौ. मी., १ गुंठा म्हणजे १,०८९ चौ. फूट, साधारण १०१.१७ चौ. मी. सातबाऱ्यावर ०.०२.५० (हेक्टर.आर.चौ. मी.) असेल तर ते २५० चौ. मी., म्हणजे २,६९१ चौ. फूट. तेच अडीच गुंठे धरले तर २,७२२ चौ. फुटांच्या वर जातात.

सर्वांत लहान आकडा आर्किटेक्टला द्या, आराखडा त्यावरच काढायला सांगा.

जागेवर क्षेत्र कमी भरलं तर कुंपण स्वतःहून सरकवू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा (भूखंडाच्या हद्दी ठरवून देणाऱ्या मोजणीचा) अर्ज करा, शेजाऱ्यांनाही नोटीस जाते.